तेरावी सालापी

सोतेरो माग्सिनोसमोर कुणी ‘सालापी’ हा शब्द चुकीचा वापरला, की झालंच. हातातलं काम टाकून तो उठायचा आणि मंडई असो, चर्चच्या पायऱ्या असोत, नाहीतर कुणाची मयत असो, समोरच्याला धरून शिकवायचा. “सालापी म्हणजे पैसा नव्हे रे बाबा! सालापी म्हणजे अर्धा पेसो. चांदीचा. वर स्पेनच्या राजाचं तोंड असलेला. पैशाला पैसा म्हण, दमडी म्हण, काय वाट्टेल ते म्हण, पण सालापी म्हणू नकोस!”

आता अख्खा देश पैशाला सालापी म्हणतो. बँकेच्या पाटीवर तेच, पाद्रीबाबांच्या प्रवचनातही तेच. जुना अर्थ म्हाताऱ्यांबरोबर मातीत गेला. पण सोतेरोला हे कोण सांगणार? त्याची बायको पान्यांग म्हणायची, “ह्या माणसाला उद्या देव भेटला ना, तरी आधी त्याचा शब्द दुरुस्त करेल आणि मग पाया पडेल.”

आम्हा बातांगासच्या लोकांचा आवाज मुळातच मोठा. आम्ही कुजबुजलो तरी शेजारची कोंबडी दचकते. सोतेरोचा तर लोहाराचा आवाज. आमच्या वाडीत उघडमिटत्या मुठीच्या सुऱ्या बनतात, ताल गावापासून मनिलापर्यंत लोक त्या घेऊन जातात. सोतेरोचा बाप अनाक्लेतो सुऱ्याच करायचा, आजाही तेच करायचा. चांदीच्या पट्ट्या बसवलेली मूठ करावी तर माग्सिनोंनी, असं अजूनही म्हणतात. आणि त्या पट्ट्यांची चांदी यायची कुठून? जुन्या नाण्यांतून. राजाचं तोंड मुशीत पडायचं आणि सुरीच्या मुठीवर पट्टी होऊन निघायचं. अशा घरात जन्मलेला हा माणूस जन्मभर नाणी वाचवत हिंडला, आणि त्याला कारणही तसंच होतं.

कारण होती एक थैली. सोतेरोच्या आईनं, लेयोन्सियानं, लग्नाआधी स्वतःच्या हातानं पांढऱ्या कापडावर जाईची वेल भरून ती शिवली होती. लग्नात नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो, घरचं पोट मी भरीन असा त्याचा शब्द असतो तो. अनाक्लेतोनं ओतल्या तेरा सालापी, सगळ्या चांदीच्या, सगळ्यांवर तोच गुबगुबीत गालांचा तरुण राजा. गरीब लोहाराच्या पोरानं तेरा सालापी जमवल्या म्हणून तेव्हा गावात चर्चा झाली होती. पुढे लढाईच्या दिवसांत, चव्वेचाळीस साली, घरात तांदळाचा दाणा उरला नाही. अनाक्लेतोनं थैली उघडली, नाणी वितळवली, चार भारी सुऱ्या केल्या आणि डोंगरापलीकडे जाऊन पोतंभर भात घेऊन आला. आठ वर्षांच्या सोतेरोनंही तो भात खाल्ला. पण रिकामी थैली आईच्या पेटीत पाहिली आणि ती त्याच्या डोळ्यांसमोरून काही जाईना.

वीस वर्षांचा झाला तेव्हा त्याला पहिली सालापी मिळाली. एका सुईणीकडे होती. तान्ह्या बाळाच्या पहिल्या आंघोळीच्या पाण्यात ती टाकायची. सोतेरोनं तिच्या घराची दोन्ही दारं नव्या बिजागऱ्या घालून बसवून दिली आणि नाणं मागून घेतलं. ते आणून बापापुढे ऐरणीवर ठेवलं आणि तोंडावर म्हणाला, “एक तरी ठेवायची होतीत, इताय.” आमच्याकडे बापाला इताय म्हणतात, आईला इनाय.

अनाक्लेतोनं मान वर केली नाही. नाणं उचललं, वीतभर उंचीवरून ऐरणीवर सोडलं. चांदी लांब, बारीक आवाजात वाजली. तो आवाज पार विरेपर्यंत म्हातारा थांबला. “खरी आहे,” एवढंच बोलला आणि पुन्हा हातोडा उचलला.

नाणं कसं ओळखायचं हे सोतेरो बापाकडून शिकला ते एवढंच. पण तेवढं त्याला जन्मभर पुरलं. त्याच्याकडे ना भिंग, ना पुस्तक. ऐरण आणि कान. दुसरी सालापी कालाका गावच्या एका कोळ्यानं जाळ्याला वजन म्हणून बांधली होती, समुद्रानं खाऊन पापडासारखी पातळ झालेली. सोतेरोनं ती परत केली, मग आठ दिवसांनी झोप लागेना म्हणून जाऊन घेऊन आला. पाचवी झुंजीच्या कोंबड्याच्या मालकाकडून आली, त्यानं ती शकुनाची म्हणून टोपीत शिवलेली. त्याचा कोंबडा हरेपर्यंत सोतेरो तीन वर्षं दर रविवारी झुंजीच्या मैदानात जाऊन बसला. एक पैसा लावला नाही, नुसता बसला. नवव्या सालापीसाठी पोसलेलं डुक्कर गेलं आणि पान्यांग पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, “आता राजाचीच भाजी कर आणि खा.”

आणि नाणं कुणी धुतलं, घासलं, की हा माणूस अंगावर धावून जायचा. आमच्या बायकांना सवय, चांदी दिसली की लिंबू नि राख घेऊन बसायचं. “अगं, शंभर वर्षांचा काळेपणा आहे तो!” सोतेरो ओरडायचा. “तुझ्या आजीचं तोंड असं राखेनं घासशील का?”

बाप गेला एकाहत्तर साली. तेव्हापासून दर एक नोव्हेंबरला, सगळं गाव मेणबत्त्या, भाताचे डबे नि पत्त्यांचे कॅट घेऊन स्मशानात मुक्कामाला जातं तेव्हा, सोतेरो बापाच्या थडग्यावर मेणबत्ती लावायचा आणि तेच वाक्य म्हणायचा. “एक तरी ठेवायची होतीत, इताय.” पोरांना ते पाठ झालं होतं. त्याच्या आधी तीच सुरात म्हणून मोकळी व्हायची.

असं करत शहाण्णव साल उजाडेपर्यंत थैलीत बारा सालापी झाल्या. बारा! चाळीस वर्षांत बारा. थैली आता सोतेरोच्या कमरेला असायची. वाडीतलं पोरगंही सांगू शकायचं कुठली कुठून आली. आणि त्याच वर्षी सगळ्यांत धाकट्या पुरिताचं लग्न ठरलं.

“पुरिताच्या ओंजळीत तेरा पडतील,” सोतेरोनं जाहीर करून टाकलं. “नवरा ओतेल, पण आईच्या थैलीतून. तेराच्या तेरा सालापी, सगळ्या खऱ्या. नाहीतर मी चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाही.”

“बापाशिवाय लग्न लावू का मग?” पुरिता म्हणाली. ती शाळेत शिकवायची, बापाला घाबरायची नाही. “तात्पुरतं एक साधं नाणं घाला ना. पाद्रीबाबा काय मोजून बघणार आहेत?”

“पाद्रीबाबा नाही बघणार. मी बघीन.”

बारा घरी आल्या तशी तेरावीही येईल, अशी त्याची खात्री होती. पण मोठ्या मोठ्या शहरांतून माणसं येऊन जुनी चांदी उचलून नेऊ लागली होती. मे महिना आला, लग्न जूनच्या दुसऱ्या शनिवारी, आणि तेरावीचा पत्ता नाही. सोतेरो बालायान झाला, लेमेरी झाला, नासुग्बूपर्यंत जाऊन आला. जेवणावरचं त्याचं लक्ष उडालं. मग एके दिवशी मंडईत एक व्यापारी भेटला, मनिलाहून आलेला. त्यानं रुमालातून एक सालापी काढली. राजा तोच, गाल तेच, थैलीतल्या बऱ्याच नाण्यांसारखं वर्षही १८८५. बदल्यात सहा सुऱ्या मागितल्या, त्याही चांदीच्या मुठीच्या. सोतेरोनं नाणं उलटंपालटं करून बरोबर आलेल्या पान्यांगला दाखवलं. पान्यांगनं तेव्हाच मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

“ऐरणीवर वाजवून बघू,” सोतेरो म्हणाला.

व्यापारी घरी आला. नाणं ऐरणीवर पडलं आणि ‘टक्’ करून बसलं. ओल्या लाकडावर पडावं तसं. व्यापारी हसला, “जुनं नाणं आहे हो, आवाज बसला असेल.”

“आवाज माणसाचा बसतो,” सोतेरो म्हणाला. “चांदीचा नाही बसत. उचल तुझा पत्रा.”

व्यापारी गेल्यावर पान्यांगनं कपाळाला हात लावला. “अहो, चर्चमध्ये ऐरण असते का? दिसायला तर हुबेहूब होती! कुणाला कळलं असतं?”

“मला कळलं असतं की! खोट्यावर पोरीचा संसार उभा करू? त्यापेक्षा बाराच ओता आणि गावाला सांगा, सोतेरोला जमलं नाही.” एवढं बोलून तो घराखालच्या भट्टीपाशी जाऊन बसला आणि त्या दिवशी त्यानं हातोडाच उचलला नाही. आम्ही शेजारी एकेक करून डोकावून गेलो. सोतेरोच्या घरातून आवाज येत नाही म्हणजे कुणीतरी आजारी असणार, असं आमच्याकडे समीकरण होतं.

तारीख ठरली असली तरी रीत म्हणून दुसऱ्याच रविवारी नवऱ्याकडची माणसं मागणी घालायला आली. नवरा मुलगा रोमुलो जीपगाडी चालवायचा. ती भरून माणसं, नारळाच्या पानात बांधलेला गोड भात, शेवयांची परात आणि अख्खं भाजलेलं डुक्कर घेऊन ते सकाळीच दाराशी हजर. घर आमच्याकडच्या सगळ्या जुन्या घरांसारखं, खांबांवर उभं. त्यात पुढच्या मोठ्या खांबाचा पाय वाळवीनं खाल्लेला. लग्नाआधी बदलायचा म्हणून बदलायचा, पण सोतेरो नाण्याच्या नादात चालढकल करत राहिला. आम्ही शेजारी धरून वीस माणसं वर चढली तशी फळ्यांची जमीन करकरली.

“सावकाश रे!” पान्यांग ओरडली. “सोयरीक जुळायच्या आधी खाली जाल सगळे!”

खिडकीशी आरामखुर्चीत सोतेरोची आई बसली होती, लेयोन्सिया, चौऱ्याऐंशी वर्षांची. दात नाहीत म्हणून छोट्या खलबत्त्यात पानसुपारी कुटायची. म्हातारीला ऐकू सगळं जायचं, पण बोलायची थोडं. घरात काही कमी पडलं, छप्पर गळलं, कुणाची फी भरायची राहिली, की तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, “घाबरता काय रे? खांबात सालापी आहे.” सगळे हसायचे. इनायची सवय म्हणून सोडून द्यायचे.

जेवणं झाली, कॉफी झाली, आणि नवऱ्याचा काका बास्तियान, पोट सुटलेला, हसरा माणूस, खिशावर थाप मारून म्हणाला, “सोयरेबुवा, तुम्ही चेहरा का पाडलाय? लग्नाच्या खर्चाची चिंता सोडा. सालापी आम्ही भरपूर आणलीय!”

पान्यांगनं डोळे मिटले. “झालं. बसा आता ऐकत.”

सोतेरो उठला. आठवडाभर न बोललेला माणूस, त्याला तर कारणच हवं होतं. “सालापी आणलीय? दाखवा! कागदाच्या नोटा असतील खिशात. सालापी म्हणजे पैसा नव्हे, पाव्हणं! सालापी म्हणजे अर्धा पेसो. चांदीचा. वर राजा अल्फोन्सो. नुसता पैसा नाही, चिल्लर नाही, नोटा नाहीत. फक्त अर्धा पेसो! आमच्या आईबापांनी सालापी म्हटलं की त्याचा एकच अर्थ, एकच!”

“सोतेर,” खिडकीतून आवाज आला. खलबत्ता थांबला होता.

“काय, इनाय?”

“सालापी म्हणजे काय म्हणालास?”

“अर्धा पेसो, इनाय. चांदीचा.”

“मग गेली पन्नास वर्षं मी तुला काय सांगतेय?”

सोतेरोच्या हातातल्या कपातली कॉफी सांडून बास्तियानकाकाच्या पायावर पडली, तरी काका म्हातारीकडेच बघत राहिला.

“खांबात...” सोतेरो म्हणाला. “ती म्हण नव्हती?”

“म्हण! मला काय म्हणी सुचतात? काखेत कळसा नि गावाला वळसा, ही एक म्हण येते मला, तीही आज तुझ्यामुळे आठवली.” म्हातारीनं बत्ता खाली ठेवला. “सव्वीस दिवस लागले हे घर उभं करायला, सेहेचाळीस साली. पहिला खांब उभा करायच्या आधी खड्ड्यात नाणं ठेवतात, माहीत आहे ना तुला?”

“पण सगळे तांब्याचं एक सेंतावो घालतात, पेसोचा शंभरावा भाग!”

“सगळे घालत असतील. तुझ्या बापानं सालापी घातली.”

ह्यापुढचं ती सलग बोलली, आम्ही तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “त्या दिवशी भाता मीच ओढत होते. बारा गेल्या मुशीत. तेरावी टाकायला त्यानं हात वर केला आणि तसाच खाली आणला. म्हणाला, लेयोन्सिया, एक राहू दे. मी ती कमरेला बांधली. पंचेचाळीसला गाव जळालं तेव्हा ती माझ्या कमरेलाच होती. घर बांधलं तेव्हा त्यानं मागून घेतली. आणि रीत तुला ठाऊक आहे, जो घालतो तो बोलत नाही. बोललं की घराची बरकत जाते.”

“मी त्यांना तोंडावर बोललो, इनाय. दरवर्षी थडग्यावर जाऊन बोललो.” सोतेरोचा आवाज बसला होता. माणसाचा बसतो, तो स्वतःच म्हणाला होता. “तुम्ही मला का नाही थांबवलंत?”

“मला वाटलं तुला ठाऊक आहे! मला वाटलं, थैलीत एक ठेवायची होती असं म्हणतोयस, आणि घराखालची काढायची नाही म्हणून तू बाहेर गोळा करत हिंडतोयस. मनात म्हणायचे, लेक शहाणा आहे. मला काय माहीत, गावाला शब्द शिकवणाऱ्याला घरातला शब्द कळत नाही?”

पहिली हसली ती पुरिता. मग पान्यांग, मग बास्तियानकाका पोट धरून, मग सगळं घर. जमीन पुन्हा करकरली तशी सगळे एकदम गप्प झाले.

“तो खांब बदलायचाच आहे ना?” रोमुलोनं विचारलं. “माझ्या गाडीत जॅक आहे.”

सणाचे कपडे घातलेली माणसं घराखाली शिरली. बास्तियानकाकानं शर्ट काढला. दोन जॅक नि नारळाचे ओंडके लावून तुळई चार बोटं वर उचलली, कुजका खांब बाजूला ओढला. खाली सपाट दगड. पहारीनं तो सरकवला. मातीत करवंटीचा तुकडा पालथा घातलेला होता. सोतेरो गुडघ्यांवर बसला. दुसऱ्या कुणाला त्यानं हात लावू दिला नाही. करवंटीखाली कापडाचं नावापुरतं सूत, आणि त्यात एक काळी चकती. बटण म्हणून कुणी फेकून दिली असती अशी.

ती घेऊन तो ऐरणीकडे गेला. आम्ही सगळे मागे. वीतभर उंचीवरून त्यानं नाणं सोडलं.

ते वाजलं! पन्नास वर्षं मातीत दबलेलं नाणं, आणि काय आवाज! बारीक, लांब, सरळ. वर खिडकीत बसलेल्या म्हातारीपर्यंत गेला असणार, कारण ती वरून म्हणाली, “माझीच आहे.”

सोतेरो आवाज विरेपर्यंत थांबला. “खरी आहे,” तो म्हणाला, आणि तोंड फिरवून भात्याकडे बघत उभा राहिला. साठ वर्षांचा माणूस, खांदे हलत होते. त्याला बघायला नको म्हणून आम्ही सगळे खड्ड्यात काय आहे ते बघायला लागलो, तिथे काहीच नव्हतं.

वर नेऊन त्यानं नाणं आईच्या हातावर ठेवलं. म्हातारीनं ते डोळ्यांजवळ नेलं, त्यावर थुंकली आणि झग्याच्या टोकानं खसाखसा पुसायला लागली. पान्यांगनं नवऱ्याकडे बघितलं. नाणं घासलं म्हणून पाद्रीबाबांवरही ओरडलेला माणूस तो! पण सोतेरो नुसता बघत राहिला. काळ्यातून राजाचा एक गाल वर आला. वर्ष १८८५. सगळ्यांत जास्त सापडणारं वर्ष ते, बाजारात त्याला फारसा भाव नाही. सोतेरोला कुणी मनिला शहर देऊ केलं असतं तरी त्यानं ते नाणं सोडलं नसतं.

“आता खड्डा रिकामा झाला की,” पान्यांग म्हणाली. “खांब रिकाम्यावर उभा करायचा का?”

सोतेरोचा चेहरा पडला. एक परत घातली तर पुन्हा बाराच. थैली चाचप, फळ्यांच्या फटीतून खाली खड्ड्याकडे बघ, असं त्याचं सुरू झालं. तेव्हा म्हातारीनं पानाच्या डबीतून सुट्टे पैसे काढले आणि पन्नास सेंतावोचं पितळी नाणं पुढे केलं, दुकानात मीठ घेतल्यावर परत मिळतं तसलं.

“इनाय, हे पितळ आहे!”

“अर्धा पेसो आहे ना?”

“आहे, पण...”

“मग सालापी आहे. शब्द तुझाच.”

त्या घरात सोतेरोला गप्प बसवलेलं आम्ही तेवढं एकदाच पाहिलं. त्यानं ते पितळी नाणं दोन्ही हातांत घेतलं, खाली उतरला, सगळ्यांना लांब जायला सांगितलं आणि स्वतः करवंटी पालथी घातली. वर आल्यावर रोमुलोनं सहज विचारलं, “नीट ठेवलंत ना, इताय?” सोतेरोनं उत्तर दिलं नाही. जो घालतो तो बोलत नाही.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी पुरिताच्या ओंजळीत तेरा सालापी पडल्या. बारा करड्या आणि एक काळीकुट्ट, एका उजळ गालाची. पाद्रीबाबांनी मोजल्या नाहीत. पण आम्ही अख्ख्या वाडीनं मोजल्या, मोठ्यानं, चर्चमध्ये, लाज न बाळगता.

आणि एक नोव्हेंबरला सगळं गाव स्मशानात जमलं. मेणबत्त्या, डबे, पत्ते. सोतेरो बापाच्या थडग्यापाशी वाकला, मेणबत्ती लावली, आणि नातवंडांनी सवयीनं सूर धरला, “एक तरी ठेवायची...”

“गप्प बसा रे!” तो ओरडला. मग ताठ उभा राहिला, टोपी काढली, आणि त्या लोहारी आवाजात, पार फाटकापाशी मेणबत्त्या विकणाऱ्यालाही ऐकू जावं असं म्हणाला:

“एक ठेवलीत, इताय!”